शस्त्रक्रियेतील संशोधनाला निधी मिळण्यासाठी एच-इंडेक्स किती असावा लागतो?

आपण आकडा विचारला आहे, पण असा ठरलेला आकडा नाही. एच-इंडेक्स ९ म्हणजे प्रत्येकी किमान नऊ सायटेशन (इतर निबंधांतील उल्लेख) मिळालेले नऊ निबंध. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या अर्जालाही एच-इंडेक्सची किमान अट नसते. निधी मिळवणाऱ्या सर्जनांचा एच-इंडेक्स जास्त आढळतो हे खरे. परंतु निधी आला की मदतनीस येतात आणि मदतनीस आले की शोधनिबंध वाढतात, त्यामुळे आधी काय घडले हे त्या आकड्यावरून कळत नाही.

माझ्या अर्जाच्या मुलाखतीत समितीच्या एका सदस्यांसमोर माझी माहिती छापलेला कागद होता आणि त्यावरील एच-इंडेक्सच्या ९ या आकड्याभोवती लाल शाईने गोल काढलेला होता. हर्नियासाठी जाळी बसवलेल्या रुग्णांचा मी ७ वर्षे पाठपुरावा केला होता. ओपीडी आटोपल्यावर स्वतः फोन करून वहीत एकेका नावापुढे ‘दुखते’, ‘दुखत नाही’, ‘नंबर बदलला’ असे शेरे लिहीत असे. त्या साऱ्यातून एकच निबंध निघाला. त्याला शंभराहून अधिक सायटेशन मिळाली होती, पण होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेल्या एच-इंडेक्सच्या मापात ती नऊ असती तरी माझा आकडा ९च राहिला असता. माझे तेव्हाचे विभागप्रमुख सांगत, की त्याच माहितीचे चार तुकडे करून चार निबंध काढा. मी नकार दिला आणि आजही देईन, कारण वर्षभरातच दुखणे थांबले असे लिहून मोकळे होणाऱ्या निबंधांनीच जाळीविषयी चुकीचा दिलासा पसरवला.

म्हणून अर्जात आपले मोजकेच निबंध निवडून, त्यांमुळे ऑपरेशनच्या पद्धतीत काय बदलले ते लिहावे. आकडा द्यावाच लागला, तर एनआयएचचा रिलेटिव्ह सायटेशन रेशो द्यावा. त्यात निबंधाची तुलना निदान त्याच्याच विषयाशी होते. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात यावरून, संशोधकाला जोखू नये, हे तर संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यापासून सांगितले जात आहे.

अर्थात माझा अर्ज केवळ त्या ९मुळे फेटाळला गेला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नमुन्याच्या आकाराचे गणित मी कच्चे मांडले होते. तेव्हा आपण आधी चांगला संख्याशास्त्रज्ञ गाठावा. मात्र माझ्या वहीत ३८ नावांपुढे ‘नंबर बदलला’ असा शेरा होता, आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे समितीतील कोणीही विचारले नाही.