नवऱ्याच्या नावावरची जागा तो बायकोला न विचारता विकू शकतो का?

विकू शकतो. सातबारावर एकट्याचं नाव आणि जागा स्वकष्टार्जित असेल तर महाराष्ट्रात बायकोची सही लागत नाही.

वेंगुर्ल्याजवळ बाबांनी घेतलेली आमची वीस गुंठे जागा होती. हापूसची अठरा कलमं आईने पाटल्या मोडून आणली आणि लहान होती तोवर कळशीने पाणी घालून जगवली. जागा विकल्याचं तिला कधी कळलं? मे महिन्यात झेला घेऊन आंबे काढायला गेली तेव्हा. बेड्याला, म्हणजे फाटकाला कुलूप, आत चिरे उतरवलेले. घरी येऊन तिने विचारलं तर बाबा गप्प. काका म्हणाले, "वयनी, नाव कोणाचा होता? तुझी सही कशाक व्हयी?" पाटल्यांचं बोलली तर म्हणाले, "पावती आसा?"

माझी मामेबहीण तेरेखोल नदीपलीकडे, गोव्यातल्या पेडण्यात दिलेली. तिथे अजून पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा चालतो. जमीन नवऱ्याच्या नावावर असो नाहीतर दोघांच्या, बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर निम्मी मालमत्ता तिचीच. मधे एक नदी, बस्स. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माका थयच दिला असता तर!"

तुमच्याबद्दल बोलायचं तर जागा वडिलोपार्जित आहे का ते आधी बघा. असेल तर मुलांचा हिस्सा येतो, 2005 पासून मुलींचाही, आणि कुटुंबाची खरी गरज असल्याशिवाय तो एकट्याला परस्पर विकता येत नाही. राहत्या घराचा प्रश्न असेल आणि छळ होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी विक्री थांबवू शकतात. फेरफाराला, म्हणजे सातबारावर नवं नाव लागण्याला हरकत जरूर घ्या, पण त्याने मालकी ठरत नाही. नवरा राजी असेल तर बक्षीसपत्र करून जागा आपल्या नावावर घ्या, शेतीला आणि राहत्या घराला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. 'घरात कशाला हिशेब' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, हिशेब तेच ठेवतात.

(मी वकील नाही. वरचं हिंदू कुटुंबापुरतं आहे. खरेदीच्या वेळीच दोघांची नावं लागली असतील तर तो फक्त आपला हिस्सा विकू शकतो.)

आणि काका, सहीचं म्हणाल तर खरेदीखताची नक्कल मी काढली. आईची सही लागली नव्हती हे खरं. साक्षीदार म्हणून तुमची मात्र आहे.