उद्यमबागेत खानावळ काढायची, तर एफडी मोडून गाळा घ्यावा का?

प्रश्न: आम्ही चंदगड तालुक्यातले. यंदाच बेळगावला राहायला आलो. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, मी घरून रोज 18 डबे देते. फाउंड्रीच्या रस्त्याला एक गाळा मिळतोय. भाडं 14,000, डिपॉझिट 2 लाख. जुना भाडेकरू फ्रिज-टेबलं धरून 1.20 लाख ‘गुडविल’ मागतोय. भांडी-शेगड्यांना आणखी लाखभर लागतील. एफडी 3.40 लाखांची आहे, दीड लाख सोनं ठेवून काढू म्हणतो. घ्यावा का?

उत्तर: ताई, गाळा घ्यायला हरकत नाही, पण या अटींवर नको.

नवीन गावात धंदा काढणाऱ्याला सगळ्यात महाग पडतं ते उधारी न मिळणं. बेळगावच्या रविवार पेठेतला व्यापारी ओळखीच्या खानावळवाल्याला तेल, डाळ, तांदूळ पंधरा दिवसांच्या बोलीवर सोडतो. तुम्हाला पहिले काही महिने रोखच मोजावी लागेल. तिकडे जेवायला येणारी पोरं मात्र “पगार झाला की देतो” म्हणणार, आणि पगार व्हायचा पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. पैसा अडकणार तो तुमचाच.

आकडे मांडून बघू. 60 रुपयांचं ताट धरा: तीन चपात्या, भाजी, आमटी-भात. त्यात माल 33 आणि गॅस 6, म्हणजे ताटामागे 21 उरतात. रोज 60 ताटं आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर 32,760. त्यातून भाडं 14,000, मदतनीस बाई 9,000 आणि लाईट-पाणी 2,500 गेले की हातात राहतात 7,260. रोज 47 ताटं विकली तरच खर्च निघतो. 40 वर अडकलात तर महिन्याला साडेतीन हजारांच्या वर पदरचे घालाल. आज तुमचे डबे 18 आहेत, हे विसरू नका.

आता अडकणारी रक्कम. निम्मी ताटं महिन्याच्या खात्यावर गेली तर रोजचे 1,800. महिन्याचे 26 आणि पगारापर्यंतचे आठेक, असे 34 दिवस धरले की 61,200 लोकांकडे. शिवाय तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, म्हणजे 76,500, हाताशी हवाच. बेरीज 1,37,700. तुमच्या बेतात मात्र 4.90 लाखांतले 4.20 लाख पहिल्याच आठवड्यात जातात आणि शिल्लक राहतात 70,000. वर सोनं सोडवायचं व्याज आहेच. महिना एक टक्का धरलं तरी 1,500.

म्हणून सोनं घरात राहू द्या. डिपॉझिट एक लाखावर आणा, हवं तर भाडं पाचशेने वाढवून द्या. गुडविल देऊ नका. ते मालकाच्या कागदावर कुठेच येत नाही, पावती मिळत नाही, आणि उद्या तुम्ही निघालात तर मालक ते पुढच्याकडून वसूल करू देईल याची खात्री नाही. वस्तूंचे मात्र एकेकाचे भाव करा. सगळं मिळून 40,000 च्या पुढे जाऊ नका. फ्रिज रात्रभर चालवून बघा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलेलं आहे, भाव पाडा. भांड्यांना 70,000 धरा, जुनी पातेली चालतात. असं केलंत तर 2.10 लाखांत बसतं आणि एफडीतले 1.30 लाख हातात राहतात. उधारी एक-तृतीयांश ताटांवर रोखलीत तर गरज 1,17,300 ची, म्हणजे भागतं. रोखायची कशी? दहा जेवणांचं कार्ड 580 ला द्या, पैसे आगाऊ. पोरं वीस रुपयांसाठी घेतात.

गाळ्याचा करार बहुधा कन्नडात आणि अकरा महिन्यांचा येईल. कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून, मालकाच्या माणसाकडून नव्हे, ओळ न ओळ वाचून घ्या. स्वयंपाकाला परवानगी आहे का, धुराडं कुठून काढायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे किती कापणार, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, घेऊन हेस्कॉम या वीज कंपनीची थकबाकी तपासा, मीटर व्यापारी आहे ना तेही. घरपट्टीची पावती मागा. थकली असेल तर महापालिकेचं ट्रेड लायसन्स अडतं.

अन्नाची एफएसएसएआय नोंदणी डबे देताय म्हणून आत्ताच हवी. छोट्या धंद्याला फी वर्षाला 100 रुपये. फलक रंगवण्याआधी एक लक्षात ठेवा: 2024 च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात 60 टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात लागतं. मराठी खाली घाला. पेंटरला आधी सांगितलंत तर दुसऱ्यांदा पैसे जात नाहीत.

आधार महाराष्ट्रातलं असलं तरी बँकेत खातं उघडतं. सध्याच्या पत्त्याचं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. खातं धंद्याचं वेगळंच ठेवा. तुमची उलाढाल वर्षाला 11 लाखांच्या आसपास जाईल, जीएसटीच्या 20 लाखांच्या खाली. पण गावाकडचे, भिशीचे पैसे दुकानाच्या क्यूआरवर घेऊ नका. जुलै 2025 मध्ये यूपीआयच्या जमेवरून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या होत्या. विक्री कुठली आणि भावाने पाठवलेले कुठले, हे दाखवायचं तुमच्याच अंगावर येतं.

रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला पहिल्याच आठवड्यात येईल. रोजचे शंभर टाकायला हरकत नाही, पण बँकेची पिग्मी बघा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आणि पिग्मीवरचं कर्ज लगेच उचलू नका. पैसा लागलाच तर छोट्या धंद्याची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करा, ती फुकट होते, आणि मुद्रा योजनेचं ‘शिशु’ कर्ज मागा. 50,000 पर्यंत, तारण नाही. सहा महिन्यांची वही आणि खात्याचा उतारा असेल तर त्याच योजनेतल्या मोठ्या ‘किशोर’ कर्जाचा विचार करता येईल.

मालक डिपॉझिटवर हललाच नाही तर गाळा सोडा आणि घरून डबे 35 पर्यंत न्या. तो रस्ता मोठा आहे, दुसरा गाळा निघतो. टोकन द्यायचंच झालं तर 5,000 च्या वर नको, तेही मालकाच्या खात्यावर, ‘करार न झाल्यास परत’ असं त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेऊन.