ओळीवर बोट ठेव

प्रिय बाय,

तुझं सहा पानी पत्र काल दुपारी वाचलं. 'प्रॉब्लेमॅटिक' हा शब्द त्यात चार वेळा आहे आणि पुस्तकातल्या पानाचा नंबर एकदाही नाही. मी चिडले. पत्र तसंच ठेवून पेज ढवळायला उठले. परत येऊन शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. लहानपणी गेड, त्या गोष्टीतला जादूगार पोरगा, एवढा आवडला याचीच आता लाज वाटते, असं तिथे लिहिलंयस. तेव्हा राग उतरला, कारण ती लाज तुला माझ्यामुळे वाटतेय, निदान अर्धी तरी. कशी ते पुढे सांगते.

उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाडीतल्या मुलांच्या रविवारच्या वाचनाला घ्यावं की नाही, एवढाच तुझा प्रश्न. 'घे' किंवा 'घेऊ नको' असं मी सांगणार नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती या पत्रात इतक्या वेळा येईल की तुला कंटाळा येईल. ओळीवर बोट ठेव. आरोप करायचाय तर बोट ठेव. कौतुक करायचंय तरी बोट ठेव. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ते मत तुझं नाही, दुसऱ्या कुणाकडून तुझ्याकडे आलेलं आहे.

आधी गर्वाचं बघू. गेड गर्विष्ठ आहे हे, जिचं मत तू पत्रात दिलंयस त्या तुझ्या मैत्रिणीनं शोधून काढलेलं नाही. १९६८ साली लेखिकेनं पुस्तक उभं केलं तेच त्या गर्वावर. अगदी सुरुवातीला लहानगा पोर मावशीच्या तोंडून ऐकलेला मंत्र बकऱ्यांवर ओरडतो. बकऱ्या येतात, त्याच्याभोवती दाटी करतात, त्याला ढकलत गावात आणतात, आणि त्यांना सोडायचं कसं हे त्याला ठाऊकच नसतं. मावशी येऊन सोडवते. पुढे रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात तो जॅस्पर नावाच्या विद्यार्थ्याशी पैज लावून हजार वर्षांपूर्वी मेलेल्या स्त्रीला बोलावतो, तेव्हा तीच बकऱ्यांची गोष्ट पुन्हा घडते. फक्त या वेळी त्या मंत्रानं पडलेल्या फटीतून सावली बाहेर येते, त्याचा चेहरा फाडते, आणि ती फट बुजवण्यात मुख्य गुरू नेमर्ल आपली सगळी शक्ती घालवून मरतो. हे झाकलेलं कुठे आहे? पानावर आहे. 'नायकाचं उदात्तीकरण' म्हणतेस, ते कुठल्या ओळीत दिसलं ते मला दाखव. दिसलं असेल तर मी मान्य करीन. पण दाखव.

ओगियन, गेडचा पहिला गुरू, तुला 'निष्क्रिय' वाटला. बाय, तू कोकणात वाढलीस ना? पावसाला हुकूम सोडता येत असताना तो माणूस पाऊस पडतो तिथे पडू देतो आणि झाडाखाली जाऊन निजतो. भिजलेला गेड मनातल्या मनात चरफडतो, असल्या गुरूचा उपयोग काय म्हणून. पुढे रोकवर त्याला शिकवतात की इथे पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटाचा दुष्काळ होऊ शकतो. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मला समजावत बसावं लागलं नव्हतं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची मुलं होती. ट्रॉलरवाल्यांनी मासा उचलला की रापण, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, रिकामी येते, हे त्यांनी घरात रोज ऐकलेलं. तू रागात वाचत गेलीस म्हणून हे पान तुझ्या हातून निसटलं.

आता बायकांचं. इथे तू बरोबर आहेस. फक्त पुरावा दिलेला नाहीस, म्हणून मी देते. पहिल्याच प्रकरणात गेडच्या गाँट बेटावरच्या म्हणी येतात, बाईची जादू दुबळी आणि बाईची जादू दुष्ट अशा अर्थाच्या. पुस्तक त्या म्हणींशी भांडत नाही, सांगून पुढे जातं. रोकच्या विद्यालयात मुलगी नाही. गेडला पहिल्यांदा ओगियनच्या मंत्रांच्या पुस्तकातल्या नको त्या पानाकडे खेचते ती रे आल्बीच्या सरदाराची मुलगी सेरेट, आणि नंतर ओस्किलच्या किल्ल्यात भुरळ घालते तीही तीच, मोठी होऊन आलेली. पुरुषाचा पाय घसरायचा आणि निसरडं बाईनं केलेलं. या सगळ्या ओळी आहेत, बोट ठेव आणि मोठ्यानं म्हण. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

पण या ओळी तू लहानपणी ऐकल्या नव्हत्यास. का, तर मी गाळल्या होत्या.

तू नऊ वर्षांची होतीस. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या पडवीत बसून तुम्ही पाच-सहा जणं गोष्ट ऐकायचात. पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. मी इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. त्या म्हणी आल्या की मी पान उलटायचे. सेरेटला मी नुसती 'चेटकीण' करून टाकली होती, ती तिच्या नवऱ्याच्या किल्ल्यात किती अडकलेली आहे हे सांगितलंच नाही. माझं म्हणणं तेव्हा असं होतं की नऊ वर्षांच्या मुलीच्या कानावर हे कशाला घालायचं, आयुष्यभर ऐकायचंच आहे तिला. आजही मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. स्टाफरूममध्ये मी वर्षानुवर्षं एकटी बाई होते. तिथे काय काय बोललं जायचं आणि मी हसून सोडून द्यायचे, ते तुला माहीत नाही. घरी येऊन निदान माझ्या पडवीत तरी ती म्हण नको, असं वाटायचं. यात माझं काय चुकलं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर काल तुझ्या पत्रात मिळालं. मी तुला पुस्तक दिलंच नव्हतं. माझं बोट जिथे जिथे थांबायला हवं होतं तिथून उचलून मी तुला दुसरंच काही दिलं, आणि ते खोटं निघाल्यावर लाज मात्र तुझ्या वाट्याला आली.

आणखी एक, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. १९८७ साली मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मी ती प्रत घेतली. कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरचा गेड गोरा होता. पुस्तकात तो तांबूस तपकिरी आहे. त्याचा मित्र व्हेच काळा आहे. गोऱ्या कातडीचे आणि पिवळ्या केसांचे जे येतात ते पहिल्या प्रकरणातले हल्लेखोर. सगळं छापलेलं. माझा बाप खलाशी, उन्हानं तांब्यासारखा झालेला, आणि मालवणच्या किनाऱ्यावर बसून मी समुद्रावरच्या त्या पोराला गोरा करून वाचत होते. असं करणारी मी एकटी नव्हते. २००४ साली अमेरिकेत त्यावर टीव्ही मालिका निघाली, त्यात गेडचं काम गोऱ्या नटाला दिलं आणि ल ग्विननं जाहीरपणे निषेध केला. पण टीव्हीवाल्यांचं राहू दे. माझ्या डोक्यातला गोरा गेड लेखिकेनं आणला नव्हता, मी आणला होता. पुन्हा वाचताना पुस्तकाचे दोष सापडतात तसे आपलेही सापडतात, आणि दोन्ही सापडायला ओळ लागते.

तुला वाटेल बाईंना एकाच गोष्टीचं वेड लागलंय. लागलंय. कुठून लागलं ते ऐक.

१९९६ साली आठवीच्या वर्गाला शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मी हीच गोष्ट सांगत होते. धुक्यात सावलीचा पाठलाग करताना गेडची होडी खडकांवर फुटते, तिथवर आलो होतो. कुणीतरी तक्रार केली, बाई मुलांना मंत्रतंत्र आणि भुतंखेतं शिकवतात. मला बोलावून घेतलं गेलं आणि मी पुस्तक कपाटात ठेवलं. ते उघडून त्यांच्यापुढे धरता आलं असतं. या पुस्तकात जादू करणाऱ्याला प्रत्येक मंत्राची किंमत मोजावी लागते, ही बघा ओळ, ही बघा दुसरी, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. नोकरी होती, सासूबाई अंथरुणावर होत्या. कारणं खरी होती. पण कारणं सांगून गोष्ट पुरी होत नाही. एक मुलगा तीन शुक्रवार विचारत राहिला. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर. दहावीनंतर तो बोटीवर गेला.

२०११ साली ऑक्टोबरात जेट्टीवर लिलाव चालू असताना तो भेटला. हातात टोपली, अंगावर खवले. पहिलं वाक्य काय, तर "बाई, त्या सावलेचा फुडे काय झाला?" पंधरा वर्षांनी! मी घाईत होते, गर्दी होती. मी म्हटलं, "हरयल्यान तेणा तिका." तो हसला, बरं म्हणाला आणि गेला.

घरी आले. काहीतरी खुपत होतं म्हणून पुस्तक काढलं. गेड सावलीला हरवत नाही. दोघं समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी एकमेकांचं नाव घेतात, आणि ते नाव एकच असतं. गेड. ना तो जिंकतो ना हरतो, असं तिथे लिहिलंय. होडीतून बघणाऱ्या व्हेचला तर क्षणभर कळत नाही की परत आलाय तो मित्र आहे की दुसरंच काही. मी ते पुस्तक किती वेळा वाचलं होतं याची मोजदाद नाही, आणि तरी सांगताना मी आपल्या नेहमीच्या गोष्टींचा शेवट त्याला डकवला होता.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली तेव्हा तो जाळं विणत बसलेला सापडला. आठ महिने तो माझा चुकीचा शेवट घेऊन समुद्रावर जात होता. मी पुस्तक नेलं होतं. ओळीवर बोट ठेवून, वाक्य वाक्य मराठीत करून वाचलं. त्यानं सुतळी दातात धरून ऐकलं. मग म्हणाला, "मगे तो म्हातारो गुरू मेलो, तेचा काय?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, नेमर्लचं काय? गेड पूर्ण झाला, मोकळा झाला, रडला, हसला. जो त्याच्या पैजेपायी मेला त्याचा हिशेब शेवटच्या पानांवर कुठे आहे? मी त्या रात्री शोधला. मला समाधान होईल अशी ओळ सापडली नाही. या पुस्तकाविषयी मी ऐकलेला सगळ्यात कठीण प्रश्न तो आहे, आणि तो विचारणाऱ्यानं 'प्रॉब्लेमॅटिक' हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. त्याला पंधरा वर्षं एका माणसाचं मरण आठवत होतं.

पुन्हा वाचण्याची लाज बाळगू नकोस, लेखिकेनंही बाळगली नाही. १९९० मध्ये, पहिल्या पुस्तकानंतर २२ वर्षांनी, तिनं 'तेहानू' लिहिलं. त्यात केंद्रस्थानी तेनार ही विधवा आहे आणि आगीत होरपळलेली एक लहान मुलगी. बायकांकडे शक्ती का नाही, कुणी ठरवलं, हे प्रश्न ती आपल्याच जगाला विचारते. आणि गेड? त्याची सगळी जादू संपलेली असते आणि तो गाँटच्या डोंगरावर बकऱ्या राखायला जातो. मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून जुनं पुस्तक काढून पहिलं प्रकरण शोधलं. तिनं पहिलं पुस्तक फाडलं नाही, त्यातल्या म्हणी खोडल्या नाहीत. त्यांच्यावर बोट ठेवलं आणि तिथून पुढे लिहिलं. हे तुझ्या मैत्रिणीला सांग.

माझी प्रत पार्सलनं पाठवतेय. बांधणी सुटलीय, दोरा बांधलाय, जपून उघड. पेन्सिलीच्या खुणा खोडू नकोस, त्यातल्या काही चुकीच्या आहेत, तरी खोडू नकोस. मुलांना सांगायचं ठरवलंस तर बकऱ्यांपासून सुरू कर आणि काही गाळू नको. म्हण आली की थांब, मुलींना बोलू दे, तू मध्ये बोलू नको. व्हेचची बहीण यॅरो येईल तिथे सावकाश जा. तुझ्या पत्रात तिचं नावसुद्धा नाही. जादूनं उजेड होतो तर खायला का होत नाही, असं ती स्वयंपाकघरात विचारते. एवढ्या विद्वानांत हे विचारायचं तिलाच सुचतं, आणि होडी निघते तेव्हा ती मागे राहते. शेवटी बर्फातून ते घरी येतात आणि ती आनंदानं रडत धावत सामोरी जाते. आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांनी हे किती पावसाळे केलंय ते तू बघितलंयस. वाडीतल्या मुलींना यॅरोविषयी काय वाटतं ते मला हवंय, पान नंबरासकट.

आणि नेमर्लविषयी कुणी विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करू नकोस. कोणी विचारलं ते मात्र त्याच दिवशी कळव.

तुझी,
बाई