अमेरिकेतलं नवं औषध येईपर्यंत जुनी गोळी कमी करावी का?

ताई, तुमचा मुलगा २६ वर्षांचा, त्याला स्किझोफ्रेनिया आहे, त्यावरच्या ओलान्झपिन गोळीने वर्षभरात १८ किलो वजन वाढलंय, कानात येणारे आवाज कमी झालेत पण गेलेले नाहीत. अमेरिकेतला भाचा याच आजारावरचं नवं औषध ‘कोबेन्फी’ पाठवू म्हणतोय आणि तोवर आहे ती गोळी अर्धी केली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाव गोळीसुद्धा नको. आम्ही केलंय ते. माझा धाकटा भाऊ दिवसभर झोपून असायचा, म्हणून आईने रात्रीची गोळी दिवसाआड केली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर हा टीव्हीवर चादर टाकून समोर बसलेला. आतली माणसं ऐकतात म्हणाला. पुन्हा रुळावर यायला आठ महिने गेले.

आता कोबेन्फीबद्दल. त्यात खरंच नवं काही आहे. १९५२ पासूनच्या या आजारावरच्या जवळपास सगळ्या गोळ्या डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाला अडवतात. हे औषध मेंदूतल्या मस्करिनिक रिसेप्टर्सवर, म्हणजे वेगळ्याच रसायनाचे संदेश घेणाऱ्या जागांवर, काम करतं. त्यातला एक घटक, झॅनोमेलिन, १९९०च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं होतं. रुग्णांचे भास कमी झाले, पण उलट्या इतक्या व्हायच्या की ते बाजूला पडलं. पुढे त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली. ही वारंवार लघवी होण्यावरची जुनी गोळी. ती मेंदूत फारशी शिरत नाही, त्यामुळे पोटाचा त्रास आवरते आणि डोक्यातलं काम चालू राहतं. मला ही युक्ती फार आवडते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

पण मंजुरी ज्या चाचण्यांवर मिळाली त्या पाच आठवड्यांच्या, रुग्णालयात दाखल केलेल्या आणि आधीची औषधं थांबवलेल्या रुग्णांवरच्या. एका चाचणीत २५२ जण होते. लक्षणांचा गुणांक औषधाने २१ने उतरला, नुसत्या खोट्या गोळीनेही जवळपास १२ने. फरक खरा आहे, चमत्कार नाही. चालू गोळीला हे जोडून दिलं तेव्हा मात्र २०२५च्या चाचणीत ठोस फायदा सिद्ध झाला नाही, आणि अर्ध्या गोळीला हे जोडणं म्हणजे साधारण तेच. वजन यात फारसं वाढत नाही, हे खरं. पण मळमळ, बद्धकोष्ठता, नाडी जलद होणं आहे; दिवसातून दोनदा, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावं लागतं; यकृताच्या तपासण्याही लागतात. बॅगेतून आलेल्या बाटलीबरोबर हे बघणारं कोणी येत नाही. भाच्याला नको म्हणून सांगा.

वजनासाठी आजही मार्ग आहेत. आमच्या डॉक्टरांनी भावाला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी सुरू केली. कोणाला ॲरिपिप्राझोल या वजन कमी वाढवणाऱ्या गोळीवर हळूहळू नेतात. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही आवाज राहिले, तर अशा वेळी देतात त्या क्लोझापिन या औषधाबद्दल स्पष्ट विचारा. त्यासाठी लागणाऱ्या नियमित रक्ततपासणीच्या धास्तीने आम्ही तो विषय चार वर्षं टाळला, त्याची मला आजही हळहळ वाटते.

पुढच्या भेटीला दर रविवारचं वजन, कंबरेचं माप आणि उपाशीपोटीची साखर एका कागदावर लिहून न्या. आणि मुलाला सोबत बसवूनच बोला, वजनाचा त्रास त्याला होतोय.