हार्ड डिस्क बदलण्याआधी

रविवारी नवी डिस्क बसवणार म्हणालास, पण आधी जुनीतलं सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घे आणि त्यातले दोन-चार फोटो उघडून बघ. कॉपी झाली म्हणजे फाइल उघडतेच असं नाही. जुनी डिस्क कट्कट् वाजत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नकोस, उरलासुरला डेटाही जाईल.

बाकी काम स्क्रू-ड्रायव्हरचं. प्लग काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. साटा केबलचं, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचं, तोंड एल आकाराचं असतं, ते उलटं बसत नाही. जोर लावलास तर डिस्कवरचं प्लास्टिकच तुटतं. माझं एकदा तुटलंय.

आपल्याकडे फोंड्यात पावसाळ्यात हवा फार दमट. बंद पडून राहिलेल्या पीसीच्या पिनांवर गंज चढलेला मी पाहिलाय. म्हणून जुनी केबल उजेडात धरून नीट बघ. मी तर नवीच लावतो.

डिस्क २ टीबीहून मोठी असेल तर ती पहिल्यांदा तयार करताना जीपीटी (डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत) निवड. विंडोजसाठी मात्र एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घे, २.५ इंचाची असेल तर ३.५ इंचाच्या जागेत ब्रॅकेट लागेल. आणि जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नकोस.