वाचकांचे प्रश्न : ताडोबाचा वाघ, घरातली नात आणि एकच कॅमेरा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून दोघांनीही साठी ओलांडली आहे. येत्या डिसेंबरात ताडोबाला जाण्याचा आणि परतताना अजिंठ्याची लेणी पाहण्याचा बेत आहे. सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत असे कळल्याने पर्समध्ये मावेल असा लहान कॅमेरा घ्यावा, असे आम्ही ठरवले. शिवाय आमची सहा वर्षांची नात संध्याकाळी घरात भरतनाट्यमचा सराव करते आणि मोबाईलवर काढलेले तिचे फोटो बहुतेक वेळा हललेले येतात. दुकानात गेलो, तेव्हा एकाने मेगापिक्सेल सांगितले, दुसऱ्याने चाळीस पट झूम सांगितला आणि आमचा गोंधळ होता त्याहून वाढला. पूर्वी आम्ही रोलचा कॅमेरा वापरला आहे. परंतु मेनूत शिरून बटणे दाबत बसणे आता जमणार नाही. चाळीस-पंचेचाळीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणता कॅमेरा घ्यावा?
— एक वाचक, कराड

उत्तर : कॅमेऱ्याचे नाव सांगण्यापूर्वी एक काम आपल्याला सुचवतो, ज्याला पैसे पडत नाहीत. गेल्या वर्षभरात मोबाईलवर काढलेल्या फोटोंपैकी जे वाया गेले, तेवढेच काढून पाहावेत आणि ते कशामुळे वाया गेले, हे एका कागदावर लिहावे. दुकानदार आपल्याला चांगले आलेले नमुने दाखवतो. खरेदीचा निर्णय मात्र बिघडलेल्या फोटोंवरून करावा, असे माझे मत आहे. आपल्या पत्रापुरते पाहिले तर अशा फोटोंचे दोनच प्रकार दिसतात. वाघ दूर असतो, पण तो बहुधा दिवसाच्या उजेडात दिसतो. नात जवळ असते, पण ती ट्यूबलाइटच्या उजेडात आणि सतत हालचाल करणारी असते. ही दोन्ही कामे चोख करणारा खिशात मावणारा कॅमेरा आपल्या रकमेत बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

याचे कारण सेन्सरच्या आकारात आहे. रोलच्या कॅमेऱ्यात जी जागा फिल्मची होती, ती आता सेन्सरची. रोलची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे, हे आपल्याला आठवत असेल. चाळीस पट झूमच्या छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. त्याहून महाग कॅमेऱ्यांत ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षा किंचित मोठा असतो. (त्याची कोणतीच बाजू एक इंच भरत नाही, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेले हे नाव तसेच चिकटून राहिले आहे.) डाळीपेक्षा नखाचे क्षेत्रफळ सुमारे चौपट असल्यामुळे त्यावर प्रकाशही त्याच प्रमाणात अधिक पडतो आणि अंधुक खोलीतला फोटो कमी दाणेदार येतो. मग सगळेच कॅमेरे मोठ्या सेन्सरचे का करत नाहीत? कारण सेन्सर मोठा झाला की त्यावर दूरची वस्तू आणणारी लेन्सही मोठी करावी लागते आणि कॅमेरा पर्समधून बाहेर येतो.

मेगापिक्सेलचा विचार आपण सोडूनच द्यावा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममधल्या सहा बाय चार इंचाच्या फोटोला, दर इंचाला ३०० ठिपके धरले, तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वीस मेगापिक्सेल, म्हणजे दोन कोटी ठिपके असतात आणि त्यांतून अठरा बाय बारा इंचाचा फोटोसुद्धा छान छापून येतो. तेव्हा वीस चांगले की चोवीस, हा वाद दुकानातच ठेवून यावा.

आता नातीच्या फोटोंविषयी. हललेल्या फोटोचे दोन प्रकार असतात आणि त्यांतील फरक समजला की निम्मी खरेदी वाचते. फोटो काढणाऱ्याचा हात हलला तर खुर्ची, पडदा, भिंतीवरचे कॅलेंडर असे सगळेच धूसर येते. हा दोष कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय बऱ्यापैकी सांभाळून घेते. मात्र कॅलेंडरावरची तारीख स्पष्ट वाचता येते आणि नातीचे हात तेवढे पुसट दिसतात, तेव्हा हललेली असते ती नात, आणि त्यावर कोणत्याही स्थिरीकरणाचा उपयोग होत नाही. तिथे शटर कमी वेळ उघडे राहावे लागते. नाचणाऱ्या मुलासाठी सेकंदाचा निदान अडीचशेवा भाग हवा; संध्याकाळी घरात मोबाईल आपणहून तिसावा किंवा पन्नासावा भाग निवडतो, कारण त्याला प्रकाश कमी पडतो. आपण आजच एखादा वाया गेलेला फोटो मोठा करून कॅलेंडर आणि हात यांची तुलना करून पाहावी.

दोष नात हलण्याचा निघाला, आणि माझा अंदाज तोच आहे, तर उपाय खिडकीत आहे. रविवारी सकाळी तिचा सराव गॅलरीच्या दाराजवळ घ्यावा, दाराकडे आपण पाठ करावी म्हणजे उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल, आणि मोबाईलच्या ‘प्रो’ मोडमध्ये, जिथे शटरचा वेग आपण ठरवू शकतो, शटर १/२५० वर ठेवावे. दिवसाच्या उजेडात दाराजवळचा प्रकाश रात्रीच्या ट्यूबलाइटपेक्षा कित्येक पट असतो. हाच प्रयोग रात्री जुन्या पद्धतीच्या ट्यूबखाली केला तर फोटोवर आडवे काळसर पट्टे दिसण्याची शक्यता आहे. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि एवढ्या जलद शटरला तिची उघडझाप पकडता येते. त्याला मोबाईल बिघडला असे समजू नये.

याचा अर्थ असा की नातीसाठी आपल्याला लगेच कॅमेरा घ्यावा लागणार नाही, आणि हे लिहिताना दुकानदारांचा रोष पत्करतो. जे काम मोबाईलकडून थोड्या युक्तीने होते त्यावर पैसे न घालवता, जे त्याच्याकडून होणारच नाही त्यावर ते घालवावेत. दूरचे दृश्य खऱ्या लेन्सने जवळ आणणे हे असे काम आहे आणि सफारीत मोबाईल न्यायचाच नसल्याने तिथे दुसरा पर्यायही नाही.

म्हणून आपल्या रकमेच्या आसपास, भारतातल्या वॉरंटीसह मिळत असेल तर, कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस पाहावा. तो २०१८ सालचा आहे, वजन सुमारे ३०० ग्रॅम आहे आणि त्याची लेन्स रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जाते (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे दृश्य जवळ येते). चाळीस पट म्हणतात ते ९६० भागिले २४, एवढ्याच अर्थाने. वाघ चाळीस पट मोठा दिसेल असे नव्हे. त्याच्या मर्यादाही ऐकून ठेवाव्यात. पूर्ण झूमवर त्याचे अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे लेन्सचे भोक, एफ ६.९ इतके लहान होते (एफचा आकडा मोठा, तर भोक लहान), म्हणजे पहाटेच्या धूसर उजेडात तो चाचपडणार. उजेड चांगला वर येईपर्यंत झूम अर्ध्यावरच ठेवावा. डिजिटल झूम मेनूतून एकदाच बंद करून टाकावा, कारण तो नुसता फोटो कापून ताणतो. जिप्सी हलत असताना पूर्ण झूममध्ये वाघ चौकटीतून हमखास निसटतो. त्यासाठी या कॅमेऱ्यात एक स्वतंत्र बटण आहे, जे दाबून धरले की दृश्य तात्पुरते रुंद होते आणि सोडले की पुन्हा जवळ येते. घराच्या गच्चीवरून समोरच्या झाडावरच्या कावळ्यावर आठ दिवस याचा सराव केलात, तर ताडोबात हात गोंधळणार नाहीत. निघण्यापूर्वी फ्लॅश, बटणांचा ‘बीप’ आवाज आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा ही तिन्ही बंद करावीत.

रक्कम बरीच वाढवण्याची तयारी झाली, तर सोनीचा आरएक्स १०० मालिकेतील सातवा कॅमेरा (२०१९) ही दोन्ही कामे बऱ्यापैकी करतो. त्याचा सेन्सर एक इंची, लेन्स २४ ते २०० मिलिमीटर, आणि डोळ्याला लावायची खिडकी वर उचलून घेता येते. उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो, तेव्हा या खिडकीची किंमत कळते. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती जुळवण्याची सोयही तिथे असते. परंतु त्याचा मेनू लांबलचक आहे आणि अंग गुळगुळीत असल्यामुळे तो हातातून सटकतो. मनगटात अडकवायची दोरी नसेल तर मी तो वापरणार नाही. कॅननचा जी ७ एक्स मार्क ३ घरगुती फोटोंसाठी उत्तम, एफ १.८ ची लेन्स असलेला आहे. मात्र तो १०० मिलिमीटरला थांबतो, म्हणजे वाघासाठी उपयोगाचा नाही.

अजिंठ्यात नवा कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि ती चित्रे जपायची तर असायलाच हवी. अशा अंधारात डाळीएवढ्या सेन्सरपेक्षा आपला मोबाईल सरस ठरेल. रात्रीच्या मोडमध्ये तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो आणि भिंतीवरचे चित्र हलत नसल्याने ते त्याला साधते.

दुकानात गेल्यावर कॅमेरा बंद अवस्थेत हातात घ्यावा, सुरू करून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते पाहावे आणि काउंटरवरच्या मुलाला दोन येरझारा घालायला सांगून त्याचे फोटो काढावेत. शटरचे बटण आधी अर्धे दाबून फोकस होऊ द्यायचा आणि मग पूर्ण दाबायचे, ही सवय तिथेच लावून घ्यावी. पडद्यावरची अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतात का, तेही तपासावे. वरच्या चकतीवर ‘ऑटो’ असे एक घर असते. पहिले सहा महिने ती चकती तिथेच ठेवली तरी काही बिघडत नाही. घरी आल्यावर तारीख आणि वेळ तेवढी बरोबर लावावी. बिल जीएसटीचे आणि वॉरंटी भारतातली आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. मी स्वतः एकदा दोन-तीन हजार वाचवण्याच्या मोहात परदेशी वॉरंटीचा कॅमेरा घेतला. सात महिन्यांत त्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली आणि तो आजही त्याच अवस्थेत कपाटात आहे. सोबत मूळ कंपनीची दुसरी बॅटरी घ्यावी, कारण या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी एका चार्जिंगमध्ये अडीचशेच्या आसपास फोटो देते आणि सफारीत तेवढे सहज होतात. विमानाने गेलात तर सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची असते.

प्रश्न : घरातल्या कपाटात बाबांचा २००४ सालचा डिजिटल कॅमेरा सापडला. हल्ली आमच्या कॉलेजात अशा कॅमेऱ्यांचे वेड आहे. नवे ६४ जीबीचे कार्ड घातले, तर ‘कार्ड एरर’ असे येते. तो बिघडला आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. चार ते ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डे २००६ साली आली आणि ६४ जीबीची त्याच्याही नंतर. तुमच्या कॅमेऱ्याला ती ओळखताच येत नाहीत. दोन जीबीचे किंवा त्याहून लहान साधे एसडी कार्ड जुन्या मोबाईलच्या दुकानात शोधा. मात्र आधी बॅटरीचे झाकण उघडून पाहा. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करू नका, टोकदार वस्तूने उचकटूही नका. कॅमेऱ्यात कार्डाची खाच एसडीपेक्षा वेगळ्या मापाची असली, तर त्याचे कार्ड त्या काळातले एक्सडी किंवा मेमरी स्टिक अशा वेगळ्या प्रकारचे असेल आणि मग कार्डासाठी जुन्या बाजारात बरीच पायपीट करावी लागेल.

प्रश्न : आमचे घर मालवणात आहे. मुलांसोबत तारकर्लीच्या पाण्यात वापरता येईल असा कॅमेरा आहे का? आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते, तिचे काय करावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ओएम सिस्टिमचा टफ टीजी ७ (२०२३) वेगळे कवच न घालता १५ मीटर खोलीपर्यंत चालतो. त्याची लेन्स बाहेर सरकत नाही, त्यामुळे वाळूचा कण अडकून ती बंद पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. किनाऱ्यावर इतर कॅमेरे बहुतेक याच कारणाने दगावतात. पाण्यात उतरण्यापूर्वी बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर केस किंवा वाळू नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. बाहेर आल्यावर झाकण न उघडता तो गोड्या पाण्याच्या बादलीत काही वेळ बुडवून ठेवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय उघडू नये. बुरशीसाठी कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात किंवा दाणे कोरडे करून पुन्हा वापरावेत. आणि जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून पाच-दहा फोटो काढावेत. कपाटात चार महिने पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी आधी धरते.