वॉशच्या आधी क्लिअर कोट: मिग-२१च्या पंखांवर डाग का पडले?

तुम्ही विचारलंत ते असं: १:७२ मापाचं मिग-२१ विमानाचं प्लास्टिक मॉडेल, ऍक्रेलिक रंग, त्यावर थेट इनॅमल वॉश (खाचांत उतरवायचा पातळ गडद रंग) आणि पंखांवर काळपट डाग. ते झाकायला मॅट क्लिअर (चमक नसलेला पारदर्शक थर) मारला, तर तो पांढरट पडला. या दोन चुका वेगवेगळ्या आहेत, त्यांची कारणंही वेगळी.

आधी डाग. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. वॉश रेषेत धावण्याऐवजी त्या खडबडीतपणात शिरतो आणि पुसला तरी निघत नाही. म्हणून वॉशच्या आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत क्लिअर, हवाच. गुळगुळीत ग्लॉसवर बारीक ब्रशचं फक्त टोक पॅनल लाइनला (पत्र्यांच्या जोडांची कोरलेली रेष) टेकवा, रेष स्वतःच वॉश ओढून घेते आणि काळा धागा सरसर पुढे जाताना दिसतो. डेकल्सही (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) ग्लॉसवरच लावा. मॅटवर लावली की फिल्मखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक येते.

कोणता क्लिअर घ्यायचा हे वर येणाऱ्या थराच्या सॉल्व्हंटवर ठरवा. इनॅमल किंवा ऑइलचा वॉश टर्पेंटाइनने पातळ होतो आणि टर्पेंटाइन पक्क्या सुकलेल्या ऍक्रेलिक क्लिअरला काही करत नाही. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन मागताना कधीकधी एन. सी. थिनर (लॅकरचं जहाल थिनर) हातात पडतं. ते मॉडेलजवळ आणूच नका, क्लिअर, रंग आणि खालचं प्लास्टिक तिन्ही खातं.

तामिया एक्स-२२ (ऍक्रेलिक ग्लॉस क्लिअर) आणि लेव्हलिंग थिनर (थर सपाट बसावा म्हणून हळू सुकणारं थिनर) निम्मं-निम्मं घ्या. एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, अंतर ८-१० सेंमी. पहिले दोन हात अगदी हलके, धुक्यासारखे. दहा मिनिटांनी एक ओला हात, इतकाच की दिव्याचं प्रतिबिंब स्पष्ट दिसावं. पहिलाच हात ओला मारला तर क्लिअर कडांवरून मागे सरकतो आणि पॅनल लाइन भरून जातात. कॅनपीचं (कॉकपिटवरच्या काचेचं) मास्किंग शेवटच्या मॅटपर्यंत काढू नका.

मग किमान ४८ तास थांबा. हाताला कोरडं लागणं म्हणजे सुकणं नव्हे. नाकाजवळ धरल्यावर वास येत असेल तर अजून थांबा. घाईत बहुतेक मॉडेलं इथेच बिघडतात. डेकल्सनंतर ओल्या कापडाने डिंक आणि सॉफ्टनरचे (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाचे) डाग पुसा, रात्रभर सुकू द्या आणि ग्लॉसचा आणखी एक पातळ हात द्या. वॉश लावून २०-३० मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलावलेल्या कॉटन बडने पुसा, नाकाकडून शेपटीकडे. विमानावरची घाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच ओढली जाते.

आता पांढरेपणा. मॅट क्लिअरमधली सिलिकासारखी पूड बाटलीच्या तळाशी बसते. नीट न ढवळता वापरली की कधी चकाकी उरते, कधी भुकटी साचते. दुसरं कारण पाऊस. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा दमट असते. साधा हायग्रोमीटर आणा आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी क्लिअर मारू नका. एअरब्रशऐवजी स्प्रे कॅन वापरत असाल तर डिसेंबरच्या गार सकाळी तो आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळत्या पाण्यात कधीच नाही.

तुमच्या मॉडेलवर आधी ग्लॉसचा पातळ हात मारून बघा. पुडीचा पांढरेपणा असेल तर ग्लॉस फटी भरतो आणि रंग परत दिसतो. दमटपणाचा असेल तर कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा पुरतो. दोन्ही उपाय आधी त्याच थरांनी रंगवलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर करून पाहा. पंखांवरचे डाग मात्र आता मॅटखाली बंद झालेत. ते तेवढ्या भागावर मूळ रंगाचा पातळ फवारा देऊनच झाकावे लागतील, मग पुन्हा ग्लॉस.

पिगमेंटची धूळ (मॉडेल धुळकट दिसावं म्हणून लावायची कोरडी रंगपूड) सगळ्यात शेवटी, मॅटनंतर. मॅटवर ती धरते, आणि तिच्यावर पुन्हा क्लिअर मारला की बहुतेक नाहीशी होते.